मुके बिल्ले : महायुद्धांतील दंडचिन्हें व कारखान्यांच्या खुणा

माळ्यावरील जुन्या पत्र्याच्या पेटींत काय काय सांपडेल हें ती उघडल्यावांचून कोणास सांगतां येत नाहीं. लग्नांतील जरीची टोपी, पिवळीं पडलेलीं पत्रें, बंद पडलेलें घड्याळ, आणि अगदीं तळाशीं, खाकी कापडाच्या घडीआड, तीन बोटें रुंदीचा एक रंगीत तुकडा. त्यावर कोठें गरुड असतो, कोठें मांजर, कोठें कट्यार धरलेला हात, तर कोठें नुसतें लाल वर्तुळ. अक्षर नसतें, आंकडा नसतो, सालही नसतें. घरांतील वडील मंडळी इतकेंच सांगतात कीं, "आजोबा लढाईवर गेले होते, त्यांचा हा बिल्ला." एवढ्यावर त्यांचेंही ज्ञान संपतें, आणि तुकडा पुन्हां पेटींत जातो.

दुसऱ्या महायुद्धांत, म्हणजे १९३९ पासून १९४५ पर्यंत, हिंदुस्थानी सैन्यांत सुमारें २५ लक्ष माणसें भरती झालीं. त्यांत घाटावरचे मराठे होते, महार होते, कोंकणांतले होते, किनाऱ्यावरचे ख्रिस्ती होते. त्यांच्यापैकीं आज क्वचितच कोणी हयात असेल. परंतु त्यांच्या दंडांवरचे हे तुकडे घरोघरीं शिल्लक आहेत. ते कसे वाचावे, आणि वाचतांना कोणत्या मोहापासून दूर राहावें, एवढें सांगण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं अशी एक पेटी आमच्यासमोर उघडण्यांत आली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनीं ती आणली होती. वडील वारले तेव्हां त्या लहान होत्या. ते कोठें लढले, कोणाबरोबर लढले, हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. पेटींत दोन वस्तु होत्या. एक लाल कापडाचा तुकडा, त्यावर पिवळ्या रंगांत चार पाकळ्यांसारखीं दिसणारीं पानें. दुसरी वस्तु म्हणजे पितळेची एक वाटोळी चकती. तिला वर भोंक पाडलेलें व मध्यें आंकडा ठोकलेला. नातवाच्या मनांत कापडी तुकडा चौकटींत बसवून त्याखालीं 'रणांगणावरील वीर' असें लिहावयाचें होतें. चकतीविषयीं विचारतां बाई म्हणाल्या, "ती काकांची, फादर. तिचें काय मोठेंसें? पोरें खेळतात तिच्याशीं." ह्या दोन वस्तूंची हकीकत पुढें येईलच. तत्पूर्वीं असल्या चिन्हांचा उगम पाहणें अवश्य आहे.

एकाच रंगाचा गणवेष घातलेल्या हजारों माणसांत आपलें कोण व परकें कोण हें कसें ओळखावें, ह्या अडचणींतून दंडचिन्हांचा जन्म झाला. अमेरिकेंतील यादवी युद्धांत, १८६२ सालीं, जनरल फिलिप कर्नी ह्यांनीं रस्त्याच्या कडेला बसलेल्या कांहीं अधिकाऱ्यांस आळशी समजून फैलावर घेतलें. मागाहून कळलें कीं ते त्यांच्या हाताखालचे नव्हतेच. कर्नी ओशाळले, त्यांनीं क्षमा मागितली, आणि आपल्या अधिकाऱ्यांनीं टोपीवर लाल कापडाचा तुकडा लावावा असा हुकूम काढला. शिपायांनींही तें चिन्ह हौसेनें उचललें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरच्या १ तारखेस कर्नी लढाईंत पडले. परंतु त्यांचा लाल तुकडा मागें राहिला. पुढील वर्षीं जनरल हूकर ह्यांनीं ती पद्धति आपल्या सर्व सैन्यास लागू केली. प्रत्येक सैन्यदलास एक आकार नेमून दिला : पहिल्यास वर्तुळ, दुसऱ्यास त्रिदल, तिसऱ्यास शंकरपाळ्याचा आकार, अकराव्यास चंद्रकोर, बाराव्यास तारा. त्या दलांतील पहिल्या डिव्हिजनीस तांबडा, दुसरीस पांढरा व तिसरीस निळा रंग मिळाला. ज्याला ही किल्ली ठाऊक आहे त्याला पांढरें त्रिदल पाहतांच दुसऱ्या दलाची दुसरी डिव्हिजन असें आजही सांगतां येतें.

पहिल्या महायुद्धांत ही रीति युरोपांत पसरली. खंदकांच्या चिखलांत सर्वांचा वेष सारखाच मातकट झाला, तेव्हां ब्रिटिश पलटणी पाठीवर किंवा दंडावर त्रिकोण, चौकोन, पट्टे असे रंगीत तुकडे शिवूं लागल्या. १९१८ सालीं अमेरिकेची ८१ वी डिव्हिजन फ्रान्सांत उतरली ती दंडावर रानमांजराचें चित्र शिवून. इतर डिव्हिजनींनीं तक्रार केली. परंतु सेनापति पर्शिंग ह्यांनीं तें चिन्ह काढावयास न लावतां इतरांनाही आपापलीं चिन्हें घेण्यास परवानगी दिली. अमेरिकन सैन्यांतील दंडचिन्हांची परंपरा तेथून चालू झाली.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. हीं चिन्हें मुकीं आहेत तीं विसराळूपणानें नव्हे. तीं मुद्दामच मुकीं केलेलीं होतीं. दंडावर 'आठवी डिव्हिजन' असें लिहिलें असतें तर शत्रूच्या हातीं सांपडलेल्या पहिल्याच कैद्यानें, एक शब्दही न बोलतां, समोर कोणती सेना उभी आहे हें सांगून टाकलें असतें. म्हणून अंकाच्या जागीं चित्र घालण्यांत आलें. कोठें त्या चित्रांत शब्दांचा खेळही असे. अमेरिकेच्या चौथ्या डिव्हिजनीनें आयव्ही नांवाच्या वेलीचीं चार पानें दंडावर घेतलीं. कारण त्या वेलीच्या नांवाचा उच्चार व रोमन पद्धतीनें लिहिलेल्या चाराचीं दोन अक्षरें हीं कानाला सारखींच लागतात. ज्या मौनानें त्या काळीं शिपायाचें रक्षण केलें, तेंच मौन आज त्याच्या नातवंडांस कोड्यांत टाकीत आहे.

आतां आपल्या घरांत सांपडण्याचा संभव ज्यांचा अधिक, त्या हिंदुस्थानी डिव्हिजनींच्या चिन्हांकडे वळूं. डिव्हिजन म्हणजे पंधरा हजारांहून अधिक माणसांचा समुदाय. त्यांत पायदळ, तोफा, पूल बांधणारे, तारा ओढणारे, गाड्या हांकणारे, दवाखाने, सर्व कांहीं येतें. चौथ्या डिव्हिजनीचें चिन्ह तांबडा गरुड. पांचवीचें काळ्या भूमीवर तांबडें वर्तुळ. तें पाहून जपानच्या ध्वजावरील सूर्य आठवण्याचा संभव आहे, पण त्याच्याशीं ह्याचा कांहीं संबंध नाहीं. सातवीचें काळ्या भूमीवर सोनेरी बाण. आठवीचें लाल भूमीवर क्लोव्हर नांवाच्या रोपाचीं पिवळीं पानें. एकोणिसावीचें कट्यार खुपसणारा हात. हीच डिव्हिजन १९४५ च्या मार्चमध्यें मंडालेंत शिरली. तेविसावीचें पिवळ्या वर्तुळांत झुंजीचा तांबडा कोंबडा. सतराव्या डिव्हिजनीचें चिन्ह आरंभीं विजेचा लोळ होतें, पुढें तें बदलून काळी मांजर झाली. म्हणून एकाच डिव्हिजनीच्या ह्या दोन चिन्हांवरून काळाचाही थोडाबहुत अदमास बांधतां येतो.

ब्रह्मदेशच्या आघाडीवरील चौदाव्या आर्मीचें चिन्ह सर्वांत बोलकें म्हणावें लागेल. ढालीवर तलवार आहे, परंतु तिचें टोंक खालीं. कुलचिन्हांच्या शास्त्राप्रमाणें हें उलटें. पण सेनापति स्लिम ह्यांना ब्रह्मदेश उत्तरेकडून, म्हणजे नकाशावर वरून खालीं, परत घ्यावयाचा होता. ह्या चिन्हासाठीं रेखाटनें मागविण्यांत आलीं तेव्हां स्लिम ह्यांनीं आपलेंही एक रेखाटन नांव न घालतां पाठविलें, व तेंच निवडलें गेलें. तलवारीची मूठ त्यांच्या नांवाच्या आद्याक्षराच्या वळणाची आहे, आणि तिच्यावर आर्मीचें नांव तारयंत्राच्या कड-कट्ट लिपींत घातलेलें आहे. मुक्या चिन्हांत असा आवाज दडलेला असतो. कान देणारा मात्र हवा.

विंगेट ह्यांच्या हाताखालीं १९४३ व १९४४ सालीं ब्रह्मदेशच्या जंगलांत शत्रूच्या पाठीमागें शिरलेल्या चिंडिट तुकड्यांचें चिन्ह असेंच फसवें आहे. निळ्या भूमीवरील तो सोनेरी प्राणी पाहून कोणी त्यास चिनी अजगर म्हणतात, तर कोणी साधा सिंह. वस्तुतः तो चिंथे होय. ब्रह्मदेशांतील देवळांच्या दारांवर राखण करणारा सिंहासारखा कल्पित प्राणी. त्याच्याच नांवाचा अपभ्रंश होऊन चिंडिट हा शब्द झाला.

इतकी किल्ली हातीं आल्यावर वाचणाऱ्यास वाटतें कीं आपलें काम झालें. खरें काम येथूनच पुढें आहे. तीन गोष्टींची सावधगिरी बाळगली नाहीं, तर बिल्ला ओळखूनही माणूस चुकीचा ओळखला जातो.

पहिली गोष्ट, हें चिन्ह डिव्हिजनीचें असतें, पलटणीचें वा जातीचें नसतें. आठव्या हिंदुस्थानी डिव्हिजनीच्या २१ व्या ब्रिगेडमध्यें मराठ्यांच्या पहिल्या पलटणीबरोबर एक पंजाबी पलटण व इंग्लंडांतील रॉयल वेस्ट केंट रेजिमेंटची एक पलटण अशा तिघी एकत्र होत्या. डिव्हिजनीच्या दुसऱ्या ब्रिगेडींत गुरखेही होते. क्लोव्हरचीं पानें ह्या सर्वांच्या दंडांवर तींच. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींत सेनिओ नदीवर पराक्रम करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील निमज गांवचे, ह्याच डिव्हिजनींतील मराठा पलटणीचे होत. त्यांच्या मागें अन्नाची गाडी घेऊन येणारा ड्रायव्हर व जखमींना पट्टी बांधणारा इस्पितळांतील माणूस हेही ह्याच डिव्हिजनीचे.

दुसरी गोष्ट, पलटणी एका डिव्हिजनींतून दुसरींत जात. मराठ्यांची तिसरी पलटण १९४१ सालीं इरिट्रियांत केरनच्या डोंगरांवर लढली ती पांचव्या डिव्हिजनीबरोबर. तीच पलटण इटलींत दहाव्या डिव्हिजनींत होती, व तिचेच नाईक यशवंत घाडगे, तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील माणगांवकडील, १० जुलै १९४४ रोजीं वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यांत शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून जाऊन तेथेंच पडले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. यास्तव एकाच पेटींत दोन निरनिराळीं चिन्हें निघालीं तर तीं दोन माणसांचींच असलीं पाहिजेत असें नाहीं.

तिसरी गोष्ट साम्याची. इटलीच्या त्याच रणभूमीवर अमेरिकेची ८८ वी डिव्हिजन होती. तिनें आठाचे दोन आंकडे एकमेकांवर आडवे-उभे ठेवले, आणि त्यांचा मिळून चार पाकळ्यांच्या पानासारखाच आकार झाला. मात्र तो निळा. घाईनें पाहणारा त्यास आपलें क्लोव्हर समजेल. म्हणून आकार, रंग व भूमि हीं तिन्ही जुळल्याखेरीज नांव उच्चारूं नये.

ह्यानंतर कापडाचीच साक्ष काढावी. तुकडा उलटा करून पाहावा. खोटें बोलण्याची कला पुढल्या बाजूस जितकी साधते तितकी मागल्या बाजूस साधत नाहीं. युद्धकाळांत ब्रिटिशांनीं काटकसरीसाठीं भरतकाम सोडून साध्या सुती कापडावर छापलेलीं चिन्हें काढलीं. म्हणून छापील तुकडा दिसला तर तो नकली असें म्हणण्याची घाई करूं नये. हिंदुस्थानांत पुष्कळ चिन्हें बाजारांतल्या शिंप्यांनीं हातानें शिवलीं. त्यांचे टांके वांकडे व रंग किंचित् निराळे असणें हें खरेपणाचेंच लक्षण आहे. हिंदुस्थानांत आलेल्या अमेरिकन सैनिकांनीं तर आपलें ढालीच्या आकाराचें चिन्ह, ज्याच्या माथ्यावर चीनचा सूर्य व हिंदुस्थानचा तारा आणि खालीं तांबडे-पांढरे पट्टे असतात, तें येथल्या कारागिरांकडून कलाबतूंत भरून घेतलें. प्राणी असलेलें ब्रिटिश पद्धतीचें चिन्ह उजव्या व डाव्या दंडासाठीं जोडीनें करीत, म्हणजे दोन्ही प्राण्यांचीं तोंडें पुढेंच राहावींत. त्यामुळें उलट्या तोंडाचा प्राणी म्हणजे दुसरी डिव्हिजन असें समजूं नये.

अशा वस्तूंना आतां मोल येत असल्यानें नवे तुकडे चहाच्या पाण्यांत भिजवून जुने करणारेही निघाले आहेत. त्यांवर एक सोपा उपाय सांगतात. जंबुपार किरणांच्या दिव्याखालीं तुकडा अंधारांत धरावा. त्या काळच्या सुती धाग्यांत कृत्रिम चकाकी आणणारीं द्रव्यें नव्हतीं. आजच्या कृत्रिम धाग्यांत तीं असतात व तीं निळसर पांढरीं चमकतात. परंतु खरा जुना तुकडाही कोणीं हल्लींच्या धुण्याच्या पुडीनें धुतला असेल तर चमकतो. म्हणून ही कसोटी संशय उत्पन्न करण्यास पुरेशी आहे, निकाल देण्यास नाहीं. आणि जुनी वस्तु कधींही धुऊं नये, हा धडा तिच्यांतून आपोआप मिळतो.

शेवटीं कागद व फिती. पदक हरवलें तरी त्याची फीत पुष्कळदां उरते. इटलीच्या स्टारची फीत त्या देशाच्या ध्वजाच्या तांबड्या, पांढऱ्या व हिरव्या रंगांची असते. बर्मा स्टारच्या फितींत मध्यें रुंद तांबडा पट्टा, दोन्ही बाजूंस निळा, व त्या निळ्याच्या मधोमध नारिंगी रेघ असते. चिन्ह व फीत एकमेकांस दुजोरा देत असतील तर बरें. आणि सेवामुक्तीचा दाखला सांपडला तर त्याच्यापुढें दुसरा साक्षीदार नको.

त्या बाईंच्या पेटींत तो दाखला निघाला. पेटीच्या झांकणाच्या आंतल्या कागदाखालीं तो दडून बसला होता. तुकडा आठव्या डिव्हिजनीचाच होता, ह्याविषयीं शंका राहिली नाहीं. परंतु दाखल्यावर लिहिलें होतें तें रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचें नांव, व हुद्द्याच्या जागीं ड्रायव्हर. नातवाचा चेहरा उतरला. बाईंनीं थोडा वेळ कागदाकडे पाहिलें आणि विचारलें, "म्हणजे बाबा लढले नाहींत का, फादर?"

आम्ही त्यांस सांगितलें तें येथें पुन्हां सांगतों, कारण हा प्रश्न अनेक घरांत उठत असेल. इटलीची मोहीम ही नद्यांची व डोंगरांची मोहीम होती. आठव्या डिव्हिजनीनें १९४३ च्या नोव्हेंबरांत सांग्रो ओलांडली, १९४४ च्या मे महिन्यांत कॅसिनोच्या पायथ्याशीं गारी ओलांडली, व १९४५ च्या एप्रिलांत सेनिओ ओलांडली. प्रत्येक वेळीं पुलाच्या अलीकडे गाड्यांची रांग असे, आणि शत्रूच्या तोफा प्रथम पूल व रस्ताच शोधीत. पुढें गेलेल्या पलटणीस गोळी, भाकरी व पाणी पोंचलें तें ह्या माणसांमुळें. 'रणांगणावरील वीर' ही ओळ आम्हांस लिहितां येत नव्हती, कारण कागद तसें म्हणत नव्हता. 'आठवी हिंदुस्थानी डिव्हिजन, ड्रायव्हर' ही ओळ मात्र निःशंकपणें लिहितां येत होती. बाईंना ती पुरेशी वाटली. "निदान कोठें होते तें तरी कळलें," एवढेंच त्या म्हणाल्या.

मग आम्ही ती पितळी चकती हातांत घेतली. तिच्या कडेला बारीक आद्याक्षरें होतीं, तीं घासून पाहिल्यावर एका शस्त्रकारखान्याचीं निघालीं. अशा चकत्यांचा उपयोग पुष्कळांस ठाऊक नसतो. कामगार फाटकांतून आंत येतांना आपल्या अंकाची चकती खिळ्यावरून काढी किंवा पेटींत टाकी, व त्यावरून हजेरी लागे. कोठारांतून हत्यार घ्यावयाचें झाल्यास हत्याराच्या जागीं ही चकती टांगावी लागे. कानस परत केल्यावर चकती परत. म्हणजे ज्या वस्तूशीं पोरें खेळत होतीं ती त्या काकांची सहीच होती म्हणावयाची. पुण्याजवळ खडकी येथें दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे, हें आपल्यापैकीं पुष्कळांस माहीत आहे. तेथें व देशांतील अशा इतर कारखान्यांत जें तयार झालें तेंच इटलींतल्या व ब्रह्मदेशांतल्या शिपायांच्या हातीं पडलें. धाकट्या भावानें भरलेली पेटी थोरल्या भावाच्या गाडींत चढली असेल कीं नाहीं, हें कोणास सांगतां येणार नाहीं. पण तशी चढणें अशक्य नव्हतें.

कारखान्याच्या बिल्ल्यांचा इतिहास दंडचिन्हांइतकाच रोचक आहे, व कांहींसा अधिक करुण आहे. पहिलें महायुद्ध सुरू होतांच, १९१४ च्या ऑगस्टांत, इंग्लंडांत फोकस्टोन येथें एका निवृत्त ॲडमिरलनें बायकांच्या हातीं पांढरीं पिसें दिलीं. साध्या कपड्यांतला तरुण दिसला कीं त्याला भित्रा ठरवून त्याच्या कोटाला पीस टोंचावें. त्या तरुणांत असे कित्येक होते कीं जे रात्रभर तोफांचे गोळे भरून सकाळीं घरीं निघालेले असत. ह्या अपमानापासून त्यांचा बचाव व्हावा, व आवश्यक कामावरील माणूस भरतीसाठीं ओढला जाऊं नये, म्हणून 'युद्धसेवेवर' अशा अर्थाचीं अक्षरें असलेले धातूचे बिल्ले काढण्यांत आले. १९१४ चा नौदलखात्याचा, १९१५ चा दारूगोळा खात्याचा, आणि १९१६ चा स्त्रियांसाठीं त्रिकोणी. ज्या स्त्रिया टी. एन. टी. नांवाची स्फोटक दारू भरीत त्यांची कातडी पिवळी पडे, आणि लोक त्यांना थट्टेनें कॅनरी पक्षी म्हणत. त्रिकोणी बिल्ला कोणाच्या घरीं सांपडला तर तो शिपायाचा नसून ह्या पिवळ्या पडलेल्या हातांचा आहे हें जाणावें.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें १९४२ पासून उत्तम उत्पादन करणाऱ्या कारखान्यांस सेना व नौदल ह्यांच्या वतीनें एक निशाण देण्यास आरंभ केला. त्यावर पर्णमालेच्या आंत श्रेष्ठतादर्शक एकच अक्षर असे, एका बाजूस तांबडी व दुसऱ्या बाजूस निळी भूमि. कारखान्यास निशाण, व प्रत्येक कामगारास कोटाला लावण्याची लहान पिन. युद्ध संपेपर्यंत सुमारें ४,३०० कारखान्यांस हा मान मिळाला. म्हणजे पात्र कारखान्यांपैकीं शेंकडा ५ लाच. तेथील शस्त्रखात्यांतील स्त्रिया ज्वाळा निघणाऱ्या बाँबचें चिन्ह छापलेला रुमाल डोक्यास बांधीत. आतां हाच ज्वाळांचा गोळा ब्रिटिश ग्रेनेडियर शिपायांच्याही टोपीवर असतो. चिन्ह एक, धनी अनेक. म्हणून कारखान्यांतल्या बाईचा रुमाल लढवय्याचा समजला जातो, आणि तिचें नांव तिच्याच घरांतून पुसलें जातें.

आणि ज्यांना कोणतेंच चिन्ह मिळालें नाहीं त्यांचें काय? इंग्लंडांत १९४३ च्या डिसेंबरपासून भरतीच्या वयाच्या तरुणांतून चिठ्ठ्या टाकून दहांतला एक कोळशाच्या खाणींत पाठविण्यांत येऊं लागला. नोंदणीच्या अंकाचा शेवटचा आंकडा निघाला कीं सैन्याऐवजीं खाण. मंत्री बेव्हिन ह्यांच्या नांवावरून त्यांना बेव्हिन बॉइज म्हणत. चिठ्ठीनें गेलेले व आपण होऊन गेलेले धरून ते सुमारें ४८ हजार होते. त्यांना गणवेष नव्हता, बिल्ला नव्हता. रस्त्यांत पोलिसांनीं अडवून पळपुटा समजावें हें त्यांच्या नशिबीं आलें. त्यांना सरकारनें बिल्ला दिला तो २००८ सालीं, युद्ध संपून ६३ वर्षें झाल्यावर. तोंवर बहुतेक जण हें जग सोडून गेले होते.

आपल्या मुंबईनेंही असे बळी दिले आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टायकिन' ह्या जहाजास आग लागली. त्याच्या पोटांत सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें होतीं, आणि कापसाच्या गांसड्याही. दोन भयंकर स्फोट झाले. आग विझविण्यास गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान मेले, आणि गोदींतले हमाल, कामगार, कारकून, रस्त्यावरचे लोक असे शेंकडों दगावले. आजही हा दिवस देशभर अग्निशामक सेवेचा दिवस म्हणून पाळतात. त्या हमालांच्या दंडांवर गरुड नव्हता, मांजर नव्हती, कट्यार नव्हती. असलाच तर एखादा अंक ठोकलेला पितळी बिल्ला असेल, आणि तोही वितळून गेला असेल.

वाचकहो, दंडचिन्ह एवढेंच सांगतें कीं हा माणूस अमुक एका समुदायाबरोबर उभा होता. त्यानें काय केलें, तो धीट होता कीं भ्यालेला, त्यानें कोणास वांचविलें, हें तें सांगत नाहीं, आणि आपण त्याच्या तोंडीं तें घालूं नये. पूर्वजांविषयींच्या प्रेमानें रचलेली खोटी गोष्ट दोघांवर अन्याय करते. ज्याच्या नांवानें ती रचली त्याचें खरें आयुष्य ती झांकून टाकते, आणि ज्याचा तो पराक्रम होता त्याचा मान ती हिरावून घेते. उलट, चिन्ह जेवढें बोलतें तेवढेंच ऐकून, कापड, फीत व कागद ह्यांची साक्ष जुळवून जो लिहितो, त्याच्या चार शब्दांना पुढल्या पिढींत किंमत राहते.

म्हणून ज्यांच्या घरीं अशा वस्तु असतील त्यांस आमची विनंति आहे. पेटी उघडा. तुकडा धुऊं नका, कापूं नका, डिंकानें चिकटवूं नका. त्याच्या मागील बाजूचेंही छायाचित्र घ्या. घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून तो कोणाचा, कोठून आला, कोणाच्या पेटींत होता, हें आजच लिहून घ्या. कारण कापड शंभर वर्षें टिकेल, पण सांगणारा माणूस उद्यां असेलच असें नाहीं. आणि पेटींत एखादी अंक ठोकलेली चकती, एखादी कोटाची पिन, एखादी हजेरीची खूण निघाली तर ती पोरांच्या खेळांत देऊं नका.

त्या बाईंच्या घरीं आम्ही मागाहून गेलों होतों. भिंतीवर चौकट लागली होती. लाल तुकड्याखालीं डिव्हिजनीचें नांव व 'ड्रायव्हर' हा शब्द होता. त्याच्या शेजारीं, त्याच उंचीवर, पितळी चकती बसविली होती. तिच्याखालीं काकांचें नांव, तिच्यावरचा अंक आणि 'कामगार' हा शब्द. नातवानें तो अक्षरें गिरवून स्वतः लिहिला होता.